बंद खोलीत दोन तासांनी डोकं चालेनासं होतं: आधी काय तपासायचं?

प्रश्न: खोली १० बाय १०, उंची १० फूट. दार-खिडकी बंद, स्प्लिट एसी २४ वर. पहिला तास छान जातो. दोन तासांनी मात्र लांबलचक मेल नुसत्या डोळ्यांखालून जातात आणि दोन पर्याय समोर आले की पहिल्यालाच होकार दिला जातो. हवा, उजेड की आवाज? सुरुवात कुठून करू?

'हवाबदल' या नावाने आलेलं उत्तर: हवेपासून. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, बाहेरची घेत नाही. बसून काम करणारा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. तुमच्या खोलीत हवा जेमतेम २८,००० लिटर. घट्ट बंद असेल तर तासाला ६०० पीपीएमहून (हवेच्या दहा लाख भागांत ६०० भाग) जास्त भर पडते. बाहेर ४२०च्या आसपास असतं, म्हणजे दोन तासांत १६००च्या पुढे. फटी असतील तर आकडा त्याहून कमी येईल. २०१२ साली अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या प्रयोगात २२ जणांची निर्णयक्षमता २५०० पीपीएमला बरीच घसरली होती. पुढच्या काही प्रयोगांत तसं दिसलं नाही, पण कोंदटपणा घालवायला खर्च काहीच नाही.

कार्बन डायऑक्साइड मोजणारा मीटर घ्यायचा तर एनडीआयआर (अवरक्त प्रकाशाने थेट वायू मोजणाऱ्या) सेन्सरचाच. 'ईसीओ२' लिहिलेले स्वस्त मीटर इतर वायूंवरून अंदाज बांधतात. फिनाईलने लादी पुसली तरी आकडा उडी मारतो. आधी २० मिनिटं गॅलरीत ठेवा. ४२०च्या जवळपास आला नाही, तर त्याच्यावर विसंबू नका.

'खिडकीपाशी' या नावाने दुसरं उत्तर: हवा पटली, पण नुसती खिडकी उघडून भागत नाही. समोरासमोरची दोन तोंडं हवीत. दर तासाला एसी बंद करून दार आणि खिडकी १० मिनिटं सताड उघडा, मग लावून घ्या. दिवसभर उघडं ठेवलं तर शेजारच्या टीव्हीतले शब्द आत येतात, आणि ते पंख्याच्या घरघरीपेक्षा फार वाईट. कळणारं बोलणं मेंदू आपोआप ऐकत राहतो. शब्द असलेली गाणी लावून काम करणाऱ्यांचंही तेच होतं.

उजेडाचं थोडक्यात: खिडकी स्क्रीनच्या मागे नको आणि तुमच्या पाठीशीही नको, बाजूला हवी. टेबलावर ५०० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आसपास पुरे.

प्रश्नकर्ता: मीटर येईपर्यंत काय करू?

हवाबदल: पाच दिवस दर तासाला हवा बदला, पाच दिवस बदलू नका. बाकी काही हलवू नका, एसीसुद्धा २४ वरच राहू दे. रोज त्याच वेळी एका कामातल्या चुका मोजून लिहा. आणि तोवर मोठे होकार-नकार पहिल्या तासातच उरका.