मदत हवी आहे: इंग्रजी शब्द ओळखीचे असतात पण उतारा कळत नाही (एसवायबीए, मराठी माध्यम)

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, जरा लांबलाय पण प्लीज पूर्ण वाचा.

मी एसवायला आहे, इकॉनॉमिक्स. घर बदलापूरला, कॉलेज फोर्टला. बारावीपर्यंत सगळं मराठीतून झालं, एफवाय गाइडवर निघालं, पण यावर्षी सर सरळ इंग्रजी लेखांचे झेरॉक्स देतात, दहा-बारा पानं, आणि पुढच्या तासाला विचारतात की लेखकाचं म्हणणं काय. घरी जाताना सीएसएमटीला चढते म्हणून बसायला मिळतं, सव्वा-दीड तास हातात असतो, तेव्हा वाचते. कठीण शब्द दिसला की मोबाइलवर अर्थ बघून वहीत लिहायचा, अशा ३ वह्या भरल्यात.

पण मला नडतात ते कठीण शब्द नाहीतच, ओळखीचेच नडतात. मागच्या इंटर्नलला उताऱ्यात होतं की अमुक योजना 'फार फ्रॉम सक्सेसफुल' होती. मी लिहिलं, योजना फार यशस्वी झाली. आपला मराठी 'फार' डोक्यात बसलेला आणि सक्सेसफुल तर येतंच की, त्यामुळे शंकाही आली नाही, अर्थ बरोब्बर उलटा झाला आणि पुढची तीनही उत्तरं त्यावरच असल्यामुळे सगळी गेली. 'अकाउंट्स फॉर' वाचलं की बँकेचं खातं आठवतं, 'ॲड्रेस द प्रॉब्लेम' म्हटलं की पत्ता. आणि वाक्य चार ओळींचं असेल तर शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात काय होती तेच आठवत नाही.

बाबा म्हणतात इंग्रजी पेपर लाव, मावशी म्हणते कादंबऱ्या वाच. सेमिस्टरला अडीच महिने आहेत. मला मार्कांपेक्षा जास्त हे हवंय की लेख हातात आला की तो माझा मला कळावा. काय करू?

प्रतिसाद १

मी कॉलेजात इंग्रजी शिकवते, तुझ्यासारखी मुलं दरवर्षी भेटतात. तुझं निदान तूच बरोबर केलंयस बाळा.

मावशीचं चूक नाही, कादंबऱ्यांनी वाचायचा वेग वाढतो, पण तुझे अडणारे शब्द तिथे फारसे भेटणार नाहीत. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट केली, त्यात ५७० शब्दकुटुंबं आहेत. कुटुंब म्हणजे ॲनालाइझ, ॲनालिसिस, ॲनालिटिकल हे सगळे मिळून एक. अभ्यासाच्या पुस्तकांत साधारण दर १० शब्दांमागे १ या यादीतला निघतो, कादंबऱ्यांत मात्र १०० मागे जेमतेम दीड. यादी नेटवर फुकट आहे, १० भागांत, सगळ्यात जास्त येणारे शब्द पहिल्या भागात. अडीच महिन्यांत पहिले चार भाग पक्के केलेस तरी फरक जाणवेल.

आणि वहीत नुसता शब्द आणि समोर अर्थ असं लिहू नकोस, तुझा घोटाळा तिथेच होतोय. शब्द ज्या जोडीने आला ती जोडी लिही. 'अकाउंट' नको, 'अकाउंट्स फॉर' लिही, आणि शेजारी ते अख्खं वाक्य लेखातूनच उतरव. जुन्या लग्नपत्रिका कापून कार्डं कर, एका बाजूला वाक्य, दुसऱ्या बाजूला मराठी. दुसऱ्या दिवशी बघ, मग चौथ्या, मग आठवड्याने, मग पंधरवड्याने. अडलं ते कार्ड परत पहिल्या दिवसावर. अर्थ आधी आठवायचा, मगच उलटायचं. नुसतं वाचत गेलीस तर येतंय असं वाटत राहतं आणि पेपरात दगा होतो.

प्रतिसाद २

ताईंचं पटलं. मी पण जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला, एमए करताना अगदी हेच झालं, तर लांब वाक्यांबद्दल सांगतो.

आपल्याला क्रियापद शेवटी यायची सवय असते, इंग्रजीत ते मध्येच कुठेतरी बसलेलं असतं आणि त्याच्या आधी दॅट-विच लावून शेपूट वाढवलेलं. हे बघ, 'द लोन्स दॅट बँक्स गेव्ह टू स्मॉल फार्मर्स इन ड्राय डिस्ट्रिक्ट्स रिमेन्ड अनपेड'. रिमेन्डच्या शेजारी जिल्हे आहेत म्हणून मन त्यांनाच धरतं, पण राहिलं काय? लोन्स. मी पेन्सिलीने मुख्य कर्ता आणि मुख्य क्रियापद दोनच गोल करायचो आणि मग मनात जी-ती लावून म्हणायचो, कोरडवाहू जिल्ह्यांतल्या छोट्या शेतकऱ्यांना बँकांनी जी कर्जं दिली ती थकली. जो-तो, जी-ती, जे-ते लागलं की वाक्य सुटलं. महिनाभराने गोल करायची गरज उरत नाही.

परिच्छेद संपला की झेरॉक्स पालथा घालून मराठीत एक ओळ लिहायची, इथे लेखक काय म्हणाला. लिहिता आली नाही तर पुढे जायचं नाही. पहिल्या दिवशी मला एका पानाला तास लागला होता, घाबरू नकोस. आणि हाऊएव्हर, ऑल्दो, अनलेस, हार्डली यांच्याखाली लाल रेघ मार, अर्थ यांच्यापाशी वळतो.

धागाकर्ती

ताई, दादा, खूप खूप आभार, वाचून रडू आलं खरंच. काल येताना सरांच्या लेखावर करून बघितलं. ठाणे ते डोंबिवली एकच परिच्छेद झाला पण त्याची ओळ लिहिता आली!

एक विचारायचं राहिलं. त्याच पानावर पहिल्या १०० शब्दांत मला १४ शब्द अजिबात येत नव्हते. अशा वेळी तोच लेख रेटायचा की आधी सोपं काही घ्यायचं?

प्रतिसाद १

मोजलंस हे फार छान केलंस. १०० मध्ये दोनच अडत असतील तर बाकीचं वाचून त्यांचा अंदाज बांधता येतो, पाचापर्यंत कसंबसं निभतं. १४ म्हणजे अंदाजाला जागाच नाही. सरांचा लेख सोडू नकोस, पण तो रोज एकच पान, पेन्सिल घेऊन. उरलेला वेळ त्याच विषयावरचं सोपं इंग्रजी वाच, अकरावी-बारावीची इंग्रजी माध्यमाची अर्थशास्त्राची पुस्तकं बालभारतीच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. मजकूर तुला मराठीतून येतोच आहे, त्यामुळे इंग्रजी शब्द आपोआप जागेवर बसतील. तिथे मोबाइल काढायचा नाही, थांबायचं नाही, सलग वाचत जायचं. पंधरा दिवसांनी सरांच्याच नव्या लेखातले १०० शब्द परत मोज आणि इथे आकडा टाक, मी बघेन.