शब्दचर्चा: को-व्हेरिफिकेशनला मराठीत काय म्हणावे? (बोलणाऱ्यांच्या नावाऐवजी त्यांचे गाव दिले आहे.)

धुळे: चिप डिझाइनच्या मराठी टिपणात ‘हार्डवेअर-सॉफ्टवेअर को-व्हेरिफिकेशन’साठी (चिपचा आराखडा आणि त्यावर चालणारा प्रोग्रॅम एकत्र तपासण्यासाठी) ‘संयुक्त चाचणी’ छापले आहे. खटकते. ‘सहसत्यापन’ त्याहून खटकते. जाणत्यांनी शब्द सुचवावा, आणि का तेही सांगावे.

जळगाव: ‘चाचणी’ तर नकोच. या कामात चाचणीची जागा ठरलेली आहे. फॅबमधून (चिपच्या कारखान्यातून) वेफर, म्हणजे अनेक चिप असलेली सिलिकॉनची चकती, बाहेर आला की प्रत्येक तुकड्यात स्कॅन चेनमधून (तपासणीसाठी चिपमध्येच ठेवलेल्या साखळीतून) बिटांचे नमुने सरकवतात आणि घडणीतला दोष शोधतात. तिथे प्रश्न असतो, हा नग नीट बनला का? व्हेरिफिकेशन टेपआउटच्या (आराखडा कारखान्याकडे पाठवण्याच्या) आधीचे, आणि त्यातला प्रश्न असतो, आराखडाच बरोबर आहे का? नग बिघडला तर तेवढा बाजूला काढता येतो. आराखडा चुकला तर झाडून सगळे नग चुकतात आणि मास्क (आराखडा सिलिकॉनवर छापायचे साचे) पुन्हा करावे लागतात. दोन्हीला एकच शब्द वापरला तर विद्यार्थी इथेच घसरतो. ‘सत्यापन’ हिंदीतून आले. आपल्याकडे ‘पडताळणी’ रुळलेली आहे. जात पडताळणीत दाखला जुन्या नोंदीला लावून बघतात, तसाच इथे आराखडा स्पेसिफिकेशनला (चिपने काय करायचे याच्या लेखी वर्णनाला) लावून बघायचा.

नंदुरबार: पडताळणीत ‘ताळा’ ऐकू येतो, म्हणून मलाही तोच शब्द जवळचा. गुणाकाराचा ताळा म्हणजे तेच उत्तर दुसऱ्या वाटेने काढून बघणे. प्रोसेसरच्या कामात हे अक्षरशः घडते. रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर-रचनेचा स्पाइक हा सिम्युलेटर (प्रोसेसरसारखा वागणारा प्रोग्रॅम) आणि आपला आरटीएल (कोडमध्ये लिहिलेला चिपचा आराखडा), दोघांना एकच प्रोग्रॅम द्यायचा. प्रत्येक इन्स्ट्रक्शन पुरी झाली की प्रोग्रॅम काउंटर (कुठल्या इन्स्ट्रक्शनवर आहोत ते सांगणारा) आणि रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठ्यात) लिहिलेली किंमत दोन्हीकडे जुळते का ते बघायचे. जुळली नाही तर थांबायचे. त्या न जुळण्याला ‘मिसमॅच’ कशाला, हिशेबातली ‘तफावत’ आहेच की.

मात्र खोटी तफावतही येते. सायकल मोजणारे रजिस्टर वाचले तर दोन्हीकडचे आकडे वेगळे निघणारच. यूएआरटीचे (सिरियल पोर्टचे) स्टेटस, इंटरप्ट (चालू काम थांबवून लक्ष मागणारा इशारा) येण्याची नेमकी वेळ, यांचेही तसेच. या जागी आरटीएलने वाचलेली किंमत स्पाइकला पुरवून पुढे जायचे असते. ते केले नाही तर पहिल्याच टायमरपाशी ताळा मोडतो आणि दिवसभर नसलेली चूक शोधत बसावे लागते.

भुसावळ: स्पाइकला ‘गोल्डन मॉडेल’ म्हणतात त्याचे ‘सोनेरी प्रतिमान’ कृपा करून करू नका. जळगावच्या सराफाला विचारा, सोने घासून बघायच्या दगडाला ‘कसोटी’ म्हणतात. मॉडेलचे काम तेच आहे. ‘कसोटी-मॉडेल’ म्हणा.

धुळे: हे टिपणात घेते. पण ‘को’चे काय? ‘सहपडताळणी’?

जळगाव: ताई, ‘सहपडताळणी’ म्हटले की दोन अधिकाऱ्यांनी मिळून केलेली पडताळणी वाटते. इथे पडताळणारे दोन नाहीत, पडताळले जाणारे दोन आहेत. ‘जोडपडताळणी’ म्हणा, जोडाक्षरासारखी.

नंदुरबार: दादा, ‘जोड’ने ‘जोडधंदा’ही आठवतो. मुख्य काम झाल्यावर फावल्या वेळात करायचे, असा अर्थ लागेल. खरे तर नेमके उलटे आहे, मुख्य काम हेच. एक उदाहरण बघा.

इंटरप्टच्या स्टेटस रजिस्टरमध्ये ज्या बिटावर १ लिहू तो बिट पुसला जातो, अशी रचना असते. हार्डवेअरवाले १ लिहून बघतात, बिट ० पुसला जातो, पास. ड्रायव्हरवाल्यांनी (हार्डवेअर हाताळणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी) ‘वाच, १ शी ऑर कर (म्हणजे बिट ० ला १ कर, बाकीचे तसेच ठेव), परत लिही’ असा कोड लिहिला. ते एका वेळी एकच इंटरप्ट देऊन बघतात, तेही पास. दोन्ही एकत्र चालवले आणि बिट ० व बिट २ एकदम आले, की रजिस्टर वाचल्यावर ५ मिळतात (बिट ० चा १, बिट २ चे ४), १ शी ऑर करून ५ च राहतात, आणि ५ लिहिले की दोन्ही बिट पुसले जातात. बिट २ चे काम कुणी केलेलेच नसते. दोन्ही घरे आपापल्या जागी बरोबर, चूक उंबऱ्यात. म्हणून मी ‘मेळपडताळणी’ म्हणेन. ‘ताळमेळ’ आपण रोजच बोलतो.

भुसावळ: ‘मेळपडताळणी’ला माझे मत. साधनांची नावे मात्र आहेत तशीच ठेवा. सिम्युलेशन आणि एम्युलेशन दोन्हींना मराठीत ‘नक्कल’ म्हटले तर फरकच पुसला जातो, आणि फरक वेगाचा आहे. लिनक्स बूट व्हायला एक अब्ज क्लॉक सायकल धरा. आरटीएल सिम्युलेशन सेकंदाला हजार सायकलने गेले तर साडेअकरा दिवस. एम्युलेटर (आराखडा चालवणारे खास यंत्र) १ मेगाहर्ट्झवर, सुमारे १७ मिनिटे. एफपीजीए (आतली जोडणी हवी तशी बदलता येणारी चिप) २० मेगाहर्ट्झवर, ५० सेकंद. मग सगळे एफपीजीएवरच का नाही? तर आतले दिसत नाही. आधी निवडलेले सिग्नलच दिसतात, नवा हवा असेल तर बहुतेक वेळा पुन्हा तासन्‌तास कंपाइल.

धुळे: व्हेरिलेटरवर (आरटीएल चालवून बघायच्या सिम्युलेटरवर) पहिलाच प्रोग्रॅम दुसऱ्या इन्स्ट्रक्शनला अडकतो, हा प्रश्न नेहमी येतो. त्याला ‘तफावत’ म्हणायचे का?

जळगाव: नाही, ती ‘भरणी’तली, म्हणजे मेमरीत प्रोग्रॅम भरण्यातली चूक. ऑब्जकॉपी (कंपाइल केलेला प्रोग्रॅम दुसऱ्या स्वरूपात काढणारे साधन) जी व्हेरिलॉग फाइल देते तिच्यात मुळात बाइट सुटे येतात. मेमरी ३२ बिटांची असेल तर एकेका शब्दात (३२ बिटांच्या घरात) एकेकच बाइट जाऊन बसतो. पहिली इन्स्ट्रक्शन हेक्समध्ये ०००००२९७ असेल तर मेमरीत ००००००९७ दिसेल. तीही वैधच, फक्त टी० ऐवजी आरए रजिस्टरमध्ये लिहिते, म्हणून संशय येत नाही. पुढचा शब्द ०००००००२. कंप्रेस्ड (१६ बिटांच्या आखूड) इन्स्ट्रक्शन नसलेल्या कोरला तो अवैध, आणि ट्रॅप येतो (चूक आढळल्याने प्रोसेसर चालू प्रोग्रॅम सोडून दुसरीकडे वळतो). ऑब्जकॉपीला डेटाची रुंदी ४ बाइट द्या, मग पहिले चार शब्द वेव्हफॉर्मात (सिग्नलच्या आलेखात) डोळ्यांनी बघा. बाइटांचा क्रमही तिथेच कळतो.

धुळे: टिपणातले वाक्य आता असे: ‘मेळपडताळणीत ड्रायव्हर आणि आरटीएल एकत्र चालवून, कसोटी-मॉडेलशी ताळा पाहून, आराखडा निर्दोष असल्याचे सिद्ध करतात.’

नंदुरबार: ‘निर्दोष असल्याचे सिद्ध करतात’ काढा, ताई. ‘चालवलेल्या प्रोग्रॅमांपुरती तफावत निघाली नाही, एवढे कळते’ असे लिहा.

धुळे: बदलले.