सोसायटीतला मातीचा किल्ला बंद करावा का? (ठाणे आणि नवी मुंबई)

पोडियम_विरोधी:
घोडबंदर रोड असो की खारघर, नव्या इमारतींमध्ये जमीन म्हणून जे दिसते ते बहुतेक ठिकाणी पार्किंगवरचे छत, म्हणजे पोडियम, असते. त्यावर अडीच फुटांचा भरीव किल्ला रचला की शिखराखाली दर चौरस मीटरला १३०० किलोच्या वर ओली माती येते. घराच्या खोलीचा स्लॅब साधारण २०० किलो आणि वापरातली गच्ची १५० किलो वापराचा भार धरून आखतात. पोडियमचा आकडा यापेक्षा जास्त असेलही, पण तो विचारतो कोण? वर चिखल नाल्यात जातो आणि दिवाळीनंतर खाली गाड्यांवर पाणी टपकते. यंदापासून पुठ्ठ्याचा किंवा तयार किल्ला ठेवावा, असे माझे मत.

घमेले_नि_थापी:
दोष मातीचा नाही, भरीव रचायच्या सवयीचा आहे. ६ बाय ५ फुटांचा, अडीच फूट उंचीचा किल्ला पोकळ बांधता येतो. खाली जाड प्लास्टिक अंथरा, कडा चार बोटे वर दुमडा. त्यावर भाजीचे रिकामे क्रेट उलटे रचा, कड्यांना टेकू म्हणून तीस-चाळीस विटा. सगळ्यावर तरटाची पोती टाका, पण आधी ती पातळ चिखलात बुडवून काढा. कोरडे तरट वरच्या थरातले पाणी ओढते आणि मग पूर्ण उतार पापुद्र्यासारखा सुटतो. वर दीड इंच माती. एकूण माती ३०० किलोंच्या आसपास लागते. विटा धरूनही दर चौरस मीटरला दीडशे किलोच भरते.

माती लाल घ्या. काळी माती वाळताना आकसते, दुसऱ्या दिवशी तटबंदीला बोटभर भेगा पडतात. काळीच मिळाली तर तीन घमेली मातीला एक घमेले भाताचे तूस मळा. आणि येऊरहून पोते भरून आणायचे मनात असेल तर तो विचार सोडा, ते राष्ट्रीय उद्यान आहे. रोपवाटिकेतून विकत घ्या.

आर_सी_सी:
दोघांचेही थोडे चुकते आहे. भार शिखराखाली जास्त असतो आणि कडेला शून्यावर येतो, शिवाय स्लॅब तो आजूबाजूला वाटून घेतो. एका किल्ल्याने पोडियम कोसळत नाही. खरे नुकसान वॉटरप्रूफिंगचे. ताडपत्री ताणायला कोणी फरशीत खिळा मारतो, कोणी पहारीने चिखल खरवडतो, आणि गळती पुढच्या पावसाळ्यात उघडी पडते. म्हणून जागा निवडताना पाणी निघायच्या जाळीपासून निदान दहा फूट लांब, तुळई किंवा खांबाजवळ. जाळीवर तरटाचा तुकडा बांधा. ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडून सर आली तर तोच चिखल अडवतो.

पोडियम_विरोधी:
म्हणजे क्रेट, तूस, तरट, जाळीला गाळणी, हे सगळे मुलांनी करायचे? प्रत्यक्षात करतात वडील मंडळी. स्पर्धेत बक्षीस ठेवले की बाहेरचा डेकोरेटरही येतो.

सेक्टर_वीस_नेरूळ:
ते बक्षीस बंद करा, किल्ला कशाला? तयार किल्ल्याचे मात्र कौतुक नको. तो प्लास्टरचा असतो, मोडला की कुंडीतही टाकता येत नाही. थर्माकोलचा असेल तर राज्याच्या २०१८ च्या बंदीत सजावटीचे थर्माकोलही येते. पुठ्ठा चालेल, पण त्यावर हळीव उगवून दाखवा.

हिरवळ:
हळीवाचा विषय निघालाच आहे तर. बी भिजले की त्यावर चिकट थर येतो, त्यामुळे उभ्या कड्यावरही ते धरते. मोहरी घरंगळते, तिला सपाट माची द्या. वसुबारसेच्या चार दिवस आधी पेरा. दहा दिवस आधी पेरले तर पाडव्यापर्यंत लांबून आडवे पडते. पाणी फवाऱ्यानेच, तांब्याने ओतले की बी आणि माती दोन्ही पायथ्याशी. स्टिल्टखाली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत, किल्ला केला तर ऊन नाही, कोंब पिवळे आणि दोऱ्यासारखे येतात. तिथे पेरू नका, लाकडाचा भुसा हिरवा रंगवून भुरभुरा.

खाडीकाठ:
वाद बांधणीचाच चालू आहे. बांधायचे काय? दर वर्षी प्रतापगड आणि रायगड. ठाण्याचा स्वतःचा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला, आज त्यात मध्यवर्ती कारागृह आहे. घोडबंदरचा किल्ला आहे, बेलापूरचा आहे. निदान एका वर्षी हे करा.

घमेले_नि_थापी:
कल्पना चांगली, पण मुलांना उंची लागते. बेलापूरला बुरुजाचा अवशेष तेवढा उरलाय, त्यात मावळे कुठे उभे करणार? २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांतून निवडा. राजगडाच्या तीन माच्या मातीत झकास उतरतात. फक्त खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग हे पोडियमवर नकोत. भोवती पाणी भरायचा मोह होतो आणि मग आर_सी_सी म्हणतात तीच गळती. निळा कागद पुरतो.

खाडीकाठ:
उंची हवी म्हणून इतिहास परगावचा, हे पटत नाही. ठाण्याचा किल्ला सपाट आहे म्हणूनच तो सोपा आहे: तट, बुरुज आणि बाजूला खाडी. भारही कमी.

पोडियम_विरोधी:
बरे, पोकळ किल्ला असेल तर माझा विरोध अर्धा मागे. उरलेला अर्धा मोडण्याबद्दल. तुळशीच्या लग्नापर्यंत तो पडून राहतो आणि मग सफाई कामगार चिखल उचलतात.

हिरवळ:
ओला मोडू नका. फवारणी चार दिवस थांबवा, माती वाळून हलकी होते आणि तरटासकट उचलता येते. चाळून मुळे वेगळी करा, ती खताच्या खड्ड्यात. माती सोसायटीच्या कुंड्यांत जाते, पण नुसती भरू नका, लाल माती घट्ट बसते. निम्मी माती, निम्मे खत. क्रेट धुऊन भाजीवाल्याला परत.

पोडियम_विरोधी:
आणि हे करणार कोण, त्यांची नावे बांधायच्या आधी नोटीस बोर्डवर लावा.