सलग गेमिंग आणि शरीराच्या कुरबुरी: तुमचे अनुभव लिहा

कोपऱ्यातला_पीसी:
गेम चांगले की वाईट यावर इथे भांडू नका, प्लीज. मला शरीराबद्दल ऐकायचंय. आमच्या कॉलेजच्या काळात सायबर कॅफेत 'नाइट पॅक' असायचा, रात्रभर काउंटर-स्ट्राइक आणि पहाटे टपरीवर पोहे. आता ते कॅफे घराघरात आलंय, आणि बंद व्हायची वेळ नाही.

माझं मत असं की घात खेळ करत नाही, मध्येच उठता न येणं करतं. एकट्याने खेळायच्या जुन्या गेममध्ये एस्केप दाबलं की विषय संपला. आताची ऑनलाइन रँक्ड मॅच, म्हणजे क्रमवारीसाठीची मॅच, मध्येच सोडली तर रँक जाते, वर टीमच्या शिव्या. मग तहान, लघवी, झोप सगळ्यांना 'एवढी मॅच होऊ दे' म्हणत ताटकळत ठेवायचं.

माझं दुखणं उजव्या हाताचं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री बधिर व्हायची, हात झटकतच जाग यायची. करंगळी मात्र ठणठणीत. डॉक्टरांनी त्यावरूनच ओळखलं, मग टेस्टमध्ये कार्पल टनेल पक्कं झालं. मनगटातल्या अरुंद वाटेतून जाणारी नस दबते, आणि करंगळीची नस त्या वाटेने जातच नाही. रात्री मनगटाला पट्टा आणि माउसची सेन्सिटिव्हिटी कमी. आता हात कोपरापासून फिरवतो. सुरुवातीला नेम पार गेला होता, हळूहळू परत आला.

तुमचं लिहा. उपदेश नको.

हिंजवडी_फेज_तीन:
पोटरी. लॉकडाउनमध्ये दिवसा ऑफिस आणि रात्री गेम, दोन्ही एकाच खुर्चीवर, तेही एक पाय मांडीखाली दुमडून. डावी पोटरी दुखायला लागली. गोळा आला असेल म्हणून आई तेलाची वाटी घेऊन चोळायला बसणार, तेवढ्यात बायकोला दिसलं की मोज्याचा वळ डाव्या पायावर कितीतरी खोल उठलाय. तिने शिवणाचा टेप आणून दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी चांगलीच जाड भरली. फॅमिली डॉक्टर फोनवरच म्हणाले, अजिबात चोळू नका, आधी डॉपलर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी करा. गुडघ्यामागच्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली.

पायातलं रक्त वर चढवायला पोटरीचे स्नायू लागतात, पाऊल टाकलं की ते शिरा पिळतात. तासन्‌तास पाऊलच उचललं नाही तर रक्त तुंबतं, त्यात पाणी कमी प्यायलेलं. गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी २००३ साली कॉम्प्युटरसमोर तासन्‌तास बसणाऱ्या एका रुग्णाची अशीच केस छापली आणि 'ई-थ्रॉम्बोसिस' हे नाव दिलं. लांबच्या विमानप्रवासात हेच होतं म्हणतात, पण विमान निदान कुठेतरी उतरतं तरी.

मिसळपाव_नको:
बाप रे. गोळा आणि गुठळी यातला फरक कसा ओळखायचा?

हिंजवडी_फेज_तीन:
गोळा थोड्या वेळात सुटतो. एकाच पायाला सूज, पाय गरम किंवा लालसर, दुखणं दुसऱ्या दिवशीही तसंच, तर दाखवा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत जा, टेप शोधत बसू नका.

वऱ्हाडी_ठेचा:
नागपूर, मे महिना, समोर कूलर. उठावं लागू नये म्हणून पाणीच कमी पेत होतो. मुतखडा झाला. काय सांगू बाप्पा, ज्याला झाला त्याला सांगायची गरज नाही, अन् ज्याला नाही त्याला सांगून समजत नाही.

चष्मेवाली:
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढते. पोरं येतात ती 'डोळ्यात वाळू गेल्यासारखं वाटतं' म्हणत. सोबतची आई म्हणते, डोळ्यातून तर पाणी येतंय, मग कोरडे कसे? कोरड्या डोळ्याची चिडचिड म्हणूनच ते पाणी येतं. एरवी पापणी मिनिटाला साधारण १५ वेळा लवते, स्क्रीनवर टक लावली की निम्म्याहूनही कमी. दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद बघा, हे सगळ्यांना पाठ असतं आणि मॅचमध्ये कुणालाच जमत नाही. म्हणून मी सांगते, गेममध्ये मेलात की परत जिवंत होईपर्यंत दुसऱ्याचा खेळ बघू नका, खिडकीबाहेर बघा आणि मुद्दाम पापण्या मिटा. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांनी डोळ्यांचा ताण कमी होतो असा ठोस पुरावा नाही. आमच्या धंद्यातले लोक रागावतील, चालेल.

सांगलीची_हळद:
मुलगा अकरावीत आहे. रात्री दोन-अडीचला झोपतो, दुपारी कॉलेजमधून येऊन आडवा होतो, की रात्री पुन्हा ताजातवाना. एकदा मी राउटर उशाशी घेऊन झोपले, तर पठ्ठ्याने मोबाइलचा डेटा लावला. याला व्यसन म्हणायचं का?

समुपदेशक_रविवारी_सुट्टी:
ताई, नुसत्या तासांवरून ते ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, १ जानेवारी २०२२ पासून लागू. खेळावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या आधी खेळ, आणि नुकसान दिसत असूनही चालूच, हे साधारण १२ महिने असावं लागतं. जेवायला येतो, मित्रांत जातो, परीक्षा देतो, तर आधी झोपेचं बघा. झोपायच्या वेळेवरून भांडू नका, उठायची वेळ पक्की करा, रविवारीसुद्धा. आणि दुपारची झोप तोडा. तरीही गाडं अडलं तर बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत यासाठी 'शट' क्लिनिक आहे, २०१४ पासून.

सुवॉनची_थंडी:
मी कोरियात नोकरीला. २००५ साली इथल्या देगू शहरात एक तरुण पीसी बांगमध्ये, म्हणजे इथल्या गेमिंग कॅफेत, जवळपास ५० तास स्टारक्राफ्ट खेळून कोसळला आणि गेला. पुढे २०११ मध्ये सरकारने १६ वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्री ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद केले. पोरं आईबापाच्या नावाने लॉगिन करायची. २०२२ च्या सुरुवातीला तो कायदाच गेला. धागाकर्त्याचा मुद्दा इथे अगदी पटतो: पीसी बांगमध्ये नूडल्ससुद्धा स्क्रीनवर ऑर्डर केल्या की जागेवर येतात. उठायचं कशाला?

आजोबा_ऑनलाइन:
गणपतीच्या जागरणात आम्हीही रात्ररात्र रमी कुटली आहे. पण पाच जणांत एकाला तरी चहा, तंबाखू किंवा लघवी आठवायचीच, आणि डाव मोडायचा. मूळव्याध मला दिली ती कॉम्प्युटरवरच्या बुद्धिबळाने.

मिसळपाव_नको:
आजोबा 😂 मग भारीतली गेमिंग खुर्ची घेऊ का?

हिंजवडी_फेज_तीन:
आधी टेबल बघ. कोपर काटकोनात आणि पाय जमिनीला टेकलेले, एवढं साध्या खुर्चीवरही जमतं. फार आरामाची खुर्ची असली की माणूस उठतच नाही. आणि पाण्याची दोन लिटरची बाटली शेजारी ठेवू नकोस, छोटा पेला ठेव. संपला की माठापर्यंत जावंच लागतं.