मदत हवी आहे: ऑर्व्हिएतोची विहीर आणि वडिलांचे गुडघे

नमस्कार. ऑक्टोबरात आईवडिलांसह रोमला जाणार असून त्यातला एक दिवस उंब्रियातल्या ऑर्व्हिएतोसाठी राखून ठेवला आहे. वडिलांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, त्यामुळे तिथली सान पात्रित्सिओची विहीर त्यांना पाहायचीच आहे आणि माझी अडचणही तिथेच आहे.

१५२७ मध्ये रोमची लूट झाल्यावर पोप सातवा क्लेमेंट ऑर्व्हिएतोच्या आश्रयाला आला. तुफा खडकाच्या उभ्या कड्यांमुळे गाव सुरक्षित होते, पण वेढा पडल्यास माथ्यावर पाणी पुरणार नाही, या चिंतेने त्याने अंतोनियो दा सांगाल्लो (धाकटा) या वास्तुविशारदाकडे विहिरीचे काम सोपवले. ते १५३७ मध्ये, म्हणजे क्लेमेंटच्या मृत्यूनंतर, पूर्ण झाले. विहीर सुमारे ५३ मीटर खोल आहे आणि तिच्याभोवती दोन गोल जिने एकमेकांना कुठेही न छेदता फिरतात. पाण्यासाठी जाणारी खेचरे एका जिन्याने उतरत, तळाचा पूल ओलांडत आणि दुसऱ्या जिन्याने वर येत, त्यामुळे वाटेत त्यांची समोरासमोर गाठच पडत नसे. वडिलांनी हे मला वहीत लाल आणि निळ्या पेन्सिलीने काढून दाखवले, तेव्हा कुठे माझ्या नीट लक्षात आले.

मात्र प्रत्येक जिन्याला २४८ पायऱ्या आहेत आणि वडिलांचे गुडघे दुखतात. खेचरांसाठी केलेल्या या पायऱ्या ठेंगण्या आणि रुंद आहेत असे वाचले आहे, पण गुडघेदुखी असलेल्या माणसाला त्या प्रत्यक्षात कशा वाटतात? मध्ये टेकायला जागा मिळते का? अर्ध्यातून परत फिरू देतात का?

दुसरा प्रश्न वेळेचा आहे. आईला कॅथेड्रलमधल्या सान ब्रित्सिओ चॅपेलमधील भित्तिचित्रे निवांत पाहायची आहेत. फ्रा अँजेलिकोने १४४७ मध्ये सुरू करून अर्धवट सोडलेले हे काम लुका सिन्योरेल्लीने १४९९ नंतर पूर्ण केले आणि एका चित्राच्या कोपऱ्यात काळ्या पोशाखात स्वतःला, शेजारी फ्रा अँजेलिकोलाही रंगवले. दर्शनी भागाच्या खांबांवरील उत्पत्तीपासून अंतिम न्यायापर्यंतची शिल्पेही मला जवळून पाहायची आहेत. विहीर फ्युनिक्युलरच्या (खालून गावापर्यंत चढणाऱ्या, दोराने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेच्या) वरच्या थांब्यालगत असल्याने सकाळी ती आणि दुपारी कॅथेड्रल, असा क्रम ठरवला आहे. चॅपेलमध्ये घाई करण्यापेक्षा गावाखालच्या गुहा सोडून देणे मला पटते. वयस्कर मंडळींना घेऊन तिथे गेलेल्यांनी हा क्रम झेपेल का, आणि चॅपेलसाठी किती वेळ राखून ठेवावा, हे कृपया सांगावे.