मदत हवी आहे: प्लेयर नव्या पुस्तकातला नियम मागतोय, डीएमने काय करावं?

रत्नागिरीत आमचा डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन गोष्ट खेळायचा टेबलावरचा खेळ) ग्रुप आहे, डीएम म्हणजे खेळ चालवणारा मी. आम्ही २०१४ च्या नियमांनी खेळतो पण एकाने २०२४ चं पुस्तक घेतलंय आणि आता दर लढाईत तेच, की पोशन (जखमा भरणारं औषध) प्यायला पाळीतली अख्खी अ‍ॅक्शन कशाला, नव्यात छोटी, जादाची बोनस अ‍ॅक्शन आहे. मी म्हटलं आपल्या टेबलावर जुनंच, तर म्हणे पुस्तकात छापलंय ते तू कोण बदलणार. परवा क्लेरिक (पुजारीण पात्र) शून्य हिट पॉइंटवर पडलेली, डेथ सेव्ह (जगणार की मरणार याचे फासे) चालू, आणि हा पठ्ठ्या पडवीत पानं उलटत बसलाय, चहा गार.

निर्णय लगेच मी देणार आणि वाद सेशननंतर, हे ठरवून झालं, फार टिकलं नाही. मतदान पण घेतलं, अर्धे-अर्धे. दुसरा डीएम इथे मिळत नाही, पावसात लाइट-नेटचा भरवसा नाही म्हणून ऑनलाइन नको. त्याला काढायचंही नाहीये, रोलप्ले झकास करतो.

डीएमचा शब्द शेवटचा हे माहितेय हो, ते सांगू नका. एवढंच सांगा, कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी गोष्ट) अर्ध्यात असताना फक्त पोशनचा नियम नवा घेतला तर लढाया फारच सोप्या होतात का, आणि एक दिला की बाकीचे मागतात ते तुम्ही कसं थांबवता?