एमिली उंग्वारे: हात आधीच तयार होता

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी चित्रकार एमिली उंग्वारे वयाच्या ऐंशीच्या सुमारास अचानक चित्रकार झाल्या, असं एकाने लिहिलंय. हे 'अचानक' मला अजिबात पटत नाही. अॅक्रिलिक रंग आणि कॅनव्हास हाती आले १९८८-८९ च्या सुमारास, हे खरं. पण मध्य ऑस्ट्रेलियातल्या युटोपिया नावाच्या भागात त्या १९७७ पासून बाटिक, म्हणजे मेण लावून कापड रंगवण्याचं काम, करत होत्या. त्याच्याही कितीतरी आधीपासून बायकांच्या विधींत एकमेकींच्या छातीवर, दंडांवर रंगाचे पट्टे ओढायची रीत त्यांच्या अंगवळणी पडलेली होती.

त्यांचं १९९५ चं 'बिग याम ड्रीमिंग' हे चित्र मोठं करून बघाच. सुमारे तीन बाय आठ मीटरच्या काळ्या कॅनव्हासवर फक्त पांढऱ्या रेषा! कॅनव्हास जमिनीवर अंथरून, त्यावरच मांडी घालून बसून, दोन दिवसांत काढलेल्या. जमिनीखाली फुटत, वळत, एकमेकांत गुंतत जाणारी रताळ्यासारख्या कंदाची मुळं, आणि कंद पिकल्यावर वर भेगाळणारी माती. कुठेही खाडाखोड नाही, कुठेही हात अडलेला नाही.

त्यांचं 'अर्थ्स क्रिएशन' हे चित्र २००७ च्या लिलावात दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेलं, त्याचीच चर्चा जास्त होते. तोवर त्यांना जाऊन जवळपास अकरा वर्षं झाली होती.